फिट येणाऱ्या मुलांचं खाणं-पिणं: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

अपस्माराचं निदान झालं की पहिल्या भेटीत पालक औषधांबद्दल विचारतात आणि दुसऱ्या भेटीपासून जेवणाबद्दल. "सारखा खातो", "काहीच खात नाही", "ताट ढकलून देते", "शेजारच्या काकू म्हणाल्या दही बंद करा". आहारतज्ज्ञ म्हणून अशा मुलांच्या पालकांशी बोलताना कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधीच एक सांगून ठेवते. मुलाच्या खाण्यात अचानक फरक पडला, तर स्वयंपाकघरात कारण शोधण्याआधी औषधाची चिठ्ठी काढा आणि नवं औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला, त्या तारखा बघा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. मात्र हे वाचून औषध स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. अपस्माराचं औषध एकदम थांबवलं तर न थांबणारी मोठी फिट येऊ शकते.

औषध सुरू झाल्यापासून मुलगा सारखं खायला मागतो. आत्ता जेवला तरी तासाभरात भूक. हे लाड आहेत का?

चिठ्ठीवर सोडियम व्हॅल्प्रोएट आहे का बघा. असेल तर ही भूक खरी आहे. या औषधाने भूक वाढते आणि वजनही वाढतं. सगळ्यांनाच नाही, पण पुष्कळ मुलांना. त्याला "अधाशी", "बकासुर" म्हणून चिडवणं आधी थांबवा. घरातली मोठी माणसं गमतीने म्हणतात, मूल मात्र लपून खायला शिकतं.

अशा मुलांच्या दिवसात खरा घोटाळा होतो तो शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. साडेचारला दप्तर टाकलं की डबा उघडला. मूठभर फरसाण, मग दुधात बुडवून बिस्किटांचा अर्धा पुडा, सहाला खारी, साडेसहाला "आई, काहीतरी दे ना". एवढं पोटात गेलेलं असताना आठला वरण-भात समोर आला की तो नको, आणि दहाला पुन्हा भूक. यावर उपाय म्हणजे साडेचारला चाळवाचाळव न करता नीट ताट वाढायचं. उसळ आणि अर्धी भाकरी, थालीपीठ-दही, पोळी आणि अंड्याची पोळी, मूगडाळीचं धिरडं, जे घरात होतं ते. डाळी, उसळी, अंडी, दही, पनीर यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. मैदा आणि साखर यांनी राहत नाही. बिस्किटं, फरसाण, सरबतांच्या बाटल्या घरात आणूच नका. वरच्या फडताळात लपवलेला पुडा मुलाला तुमच्याआधी सापडतो. आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा. ताई समोर वेफर्स खातेय आणि याला काकडी, हे टिकत नाही.

महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. उंचीच्या मानाने वजन भराभर चढत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. औषध बदलायचं की नाही हा निर्णय त्यांचा. मुलगी वयात येत असेल तर व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टर तसेही वेगळा विचार करतात, कारण या औषधाचा पाळीवर आणि पुढे गर्भावर परिणाम होतो.

तान्ह्या बाळाला इन्फंटाइल स्पाझमसाठी, म्हणजे अंग मुडपून एकामागून एक झटके येतात त्यासाठी, एसीटीएच या संप्रेरकाचं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल तर भूक आणखीच वाढते. बाळ रात्रभर दूध मागतं, गाल फुगतात, चिडचिड होते. कोर्स संपल्यावर हे हळूहळू उतरतं. तोवर वरून मीठ घालू नका, रक्तदाब तपासायच्या तारखा चुकवू नका आणि ताप आला तर लगेच दाखवा.

आमची तक्रार उलटी आहे. पूर्वी दोन पोळ्या खाणारी मुलगी आता अर्ध्या पोळीवर उठते.

टोपिरामेट किंवा झोनिसामाइड असेल तर भूक मरते, वजन उतरतं. इथोसक्सिमाइडने पोटात ढवळतं, दुखतं, उचक्याही लागतात. स्टिरिपेंटॉलनेही भूक कमी होते. टोपिरामेट घेणाऱ्या मुलांना सोड्यासारखी फसफसणारी पेयं अचानक बेचव किंवा कडसर लागतात. मूल खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तशी चव लागते. सोडा सुटला तर बरंच झालं म्हणा.

भूक नसलेल्या मुलाच्या ताटात जास्त वाढू नका, कमीच वाढा. थोड्या घासांत जास्त ताकद जाईल असं बघा. भातावर तूप, वरणात शेंगदाण्याचा कूट, दुधाऐवजी खीर, धिरड्यात किसलेलं पनीर. दिवसातून ५-६ वेळा थोडं थोडं. भूक कोणत्या वेळी बरी असते ते आठवडाभर नुसतं पाहा. काही मुलांना सकाळच्या डोसनंतर ढवळतं. त्यांना मोठा नाश्ता डोसच्या आधी देता येतो का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

टोपिरामेट आणि झोनिसामाइडच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, मूतखड्याचा धोका वाढतो, म्हणून पाणी भरपूर हवं. दोन, घाम कमी येतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी मैदानावर खेळणारं मूल तापलेलं, लाल झालेलं आणि तरी कोरडं दिसलं, तर त्याला लगेच सावलीत घ्या, अंग पुसा, पाणी द्या. शाळेतल्या खेळाच्या सरांनाही हे माहीत हवं.

आणि मूल व्हॅल्प्रोएटवर असताना भूक वाढण्याऐवजी अन्नावरची वासनाच उडाली, सारख्या उलट्या, गळून गेल्यासारखी झोप, पोटात जोराचं दुखणं, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं, तर ते खाण्याचे नखरे समजू नका. यकृत किंवा स्वादुपिंडाला त्रास झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन वर्षांखालच्या बाळांत आणि औषधाच्या पहिल्या सहा महिन्यांत जास्तच सावध राहा.

ताट भिरकावतो, पाणी ओततो, ओरडतो. असा नव्हता तो.

"असा नव्हता" हे वाक्य डॉक्टरांसमोर जसंच्या तसं म्हणा. लेव्हेटिरासिटॅम सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चिडचिड, रडकेपणा, आक्रमकपणा दिसणं चांगलंच परिचयाचं आहे. फिनोबार्बिटोननेही लहान मुलं अस्वस्थ आणि चळवळी होतात. जेवणाची वेळ ही दिवसातली सर्वांत जास्त "नाही" ऐकण्याची वेळ, म्हणून राग तिथे निघतो. शिस्त लावायला हा काळ वाईट. ताट उचला, खोलीतला गोंगाट कमी करा, वीस मिनिटांनी पुन्हा वाढा.

जेवता जेवता हरवते, घास तोंडात तसाच. लक्ष नाही की फिट आहे?

हाक मारू नका, खांद्याला हात लावा. लक्ष उडालेलं मूल स्पर्शाने भानावर येतं. ॲबसेन्स प्रकारच्या फिटमध्ये ते येत नाही. चघळणं मध्येच थांबतं, नजर स्थिर, पापण्या किंचित फडफडतात, आणि साधारण ५ ते १५ सेकंदांत ते पुन्हा चघळायला लागतं, मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात. हे दिवसातून कितीही वेळा होऊ शकतं. मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

याच्या उलटही होतं. काही मुलं तोंडात घास नसताना चघळतात, ओठ चाटतात, गिळल्यासारखं करतात, हाताने कपड्याशी चाळा करतात आणि विचारलं तर उत्तर देत नाहीत. ही मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी फिट असू शकते. आज्जी म्हणते, "स्वप्नात पेढा खातोय." व्हिडिओ तरीही काढा.

रात्री ओकारी होते, पोटाचं समजून आम्ही पथ्य पाळलं. डॉक्टर म्हणाले ही फिटच आहे. असं असतं?

असतं. पनायिओटोपोलस सिंड्रोम नावाचा लहान मुलांचा अपस्मार आहे. त्यात फिटची सुरुवातच मळमळ आणि उलटीने होते. मूल पांढरं पडतं, डोळे एका बाजूला वळतात, प्रतिसाद मंदावतो. बहुतेकदा झोपेत. अशा मुलांवर गॅस्ट्रोचे उपचार होतात, दूध बंद होतं, मैदा बंद होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. निदान झाल्यावर ती सगळी पथ्यं सोडून द्या. हा अपस्मार बहुतेक मुलांत वाढत्या वयात मागे पडतो.

झोपेत तोंडाची एक बाजू उडते, लाळ गळते, जागं असूनही बोलता येत नाही, असा रोलँडिक अपस्मारही शाळकरी वयात दिसतो. त्याचाही जेवणाशी संबंध नाही.

तान्ह्या बाळात मात्र गोंधळ दुसऱ्या दिशेने होतो. दूध पाजल्यावर बाळ पाठ कमानीसारखी ताणतं, मान वळवतं, आणि घरचे समजतात आकडी आली. कधी कधी ते निव्वळ दूध वर येण्याने होत असतं. यातलं काय आहे हे डॉक्टरच सांगू शकतात.

घास घेतला की फिट येते असंही काही असतं का?

असतं, पण क्वचित. याला ईटिंग एपिलेप्सी म्हणतात. भारत आणि श्रीलंकेतून त्याच्या नोंदी इतर देशांच्या मानाने जास्त आल्या आहेत. पोटभर जेवणाच्या मध्यात किंवा शेवटी फिट येते. चणेफुटाणे खाताना येईलच असं नाही, पण मोठ्या भाताच्या ताटावर येते. असं वाटत असेल तर प्रत्येक फिटची वेळ आणि त्या वेळी ताटात काय होतं हे लिहा. जेवण लहान भागांत विभागून आणि डॉक्टरांनी दिलेलं क्लोबाझाम जेवणाआधी घेऊन काहींना चांगला फरक पडतो. मूल घाबरून जेवणच सोडेल, ती वेळ येऊ देऊ नका.

मग काय काय बंद करायचं?

या प्रश्नाला माझं उत्तर पालकांना आवडत नाही: जवळजवळ काहीच नाही. दही, केळं, पेरू, वांगं, अंडी, मासे, चिकन, चॉकलेट, लोणचं, थंड पाणी, "उष्ण" पदार्थ, यांतल्या कशानेही फिट येते असा पुरावा नाही. तरीही अशा पथ्यांच्या याद्या घरोघरी पोचतात. त्यामुळे आधीच अशक्त झालेल्या मुलाचं दूध आणि अंडं सुटतं आणि वर्षाने रक्त कमी निघतं. एखाद्या पदार्थानंतर त्याच मुलाला पुन्हा पुन्हा त्रास झाल्याचं तुम्ही पाहिलं असेल तर तेवढा एक पदार्थ टाळा.

खरोखर सांभाळायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. कार्बामाझेपिन चालू असेल तर ग्रेपफ्रूट नको. त्याने रक्तातलं औषध वाढतं, चक्कर येते, एकाचं दोन दिसतं. आपल्याकडचं पपनस त्याच कुळातलं, तेव्हा रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. मोठ्या मुलांनी एनर्जी ड्रिंक्स टाळावीत, कारण झोप उडते आणि अपुरी झोप फिटला आमंत्रण देते.

आणि देवघरातला कापूर. पालक सगळं आवरतात आणि कापराची डबी खालच्या कप्प्यात तशीच राहते. लहान मुलाने कापराची वडी गिळली तर काही मिनिटांत फिट येऊ शकते, अपस्मार नसलेल्या मुलालाही. निलगिरीचं तेल तसंच. सर्दीला म्हणून ते पाजणं किंवा नाकात सोडणं पूर्ण बंद. या दोन वस्तू कुलपात ठेवल्यात तर दह्यापेक्षा कितीतरी जास्त काम होईल.

कोबी खाल्ला की डोक्यात किडा जातो म्हणतात.

कोबीत किडा नसतो, पण ही गोष्ट निव्वळ अफवाही नाही. मेंदूत पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी होणं, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, हे आपल्या देशात मुलांना फिट येण्याचं एक मोठं कारण आहे. डुकराच्या मांसातून येणारा हा पट्टकृमी ज्याच्या आतड्यात असतो, त्याच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत, पाण्यात, भाजीवर पोचतात. ती अंडी कुणाच्याही पोटात गेली की अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातही हा आजार होतो. कोबीला दोष लागतो, कारण तो चायनीजच्या गाड्यावर कच्चा खाल्ला जातो आणि पानांच्या घड्यांत माती अडकते. पण कोथिंबीर, मुळा, गाजर, पालक यांनाही तेच लागू.

शिजवलेला कोबी बिनधास्त खा. कच्ची भाजी वाहत्या पाण्याखाली पान न् पान सुटं करून धुवा, संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. घरात कुणाच्या शौचात कृमीचे तुकडे दिसत असतील तर त्याचा उपचार आधी.

संकष्टी, नवरात्र, ग्रहण. औषधाचं काय करायचं?

औषध द्यायचं. गोळी गिळायला लागणाऱ्या घोटभर पाण्याने कुठलाही उपवास मोडत नाही, आणि मोडला तरी मोडू द्या. वर्षानुवर्षं फिट न आलेल्या मुलांच्या पुन्हा सुरू झालेल्या फिटमागे सर्वांत मोठं कारण चुकलेला डोस असतं. ग्रहणाच्या दिवशी "वेध लागलेत, सुटल्यावर देऊ" म्हणून संध्याकाळची गोळी रात्री दहावर जाते, त्यात जागरण, आणि पहाटे फिट. रमजानमध्ये रोजा ठेवू पाहणाऱ्या मोठ्या मुलांनी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावं.

लहान मुलांना उपवास नकोच. मोठ्यांनी हट्टच धरला तर सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि मग थेट रात्री जेवण असं न करता दर तीन-चार तासांनी राजगिरा, दाणे, दूध, केळी पोटात गेली पाहिजेत.

जेवला नाही म्हणून गोळी दिली नाही, चालतं का?

नाही. गोळीची वेळ घड्याळावर असते, ताटावर नाही. व्हॅल्प्रोएटने रिकाम्या पोटी ढवळतं म्हणून ते खाऊन घ्यायला सांगतात, पण मूल जेवायला तयार नसेल तर अर्धी वाटी दूध किंवा अर्धं केळं देऊन गोळी द्या. लेव्हेटिरासिटॅम रिकाम्या पोटीही चालतं.

गोळी कुठे मिसळायची हाही नेहमीचा प्रश्न. एक चमचाभर श्रीखंड, दही किंवा सफरचंदाचा गर पुरे. अख्ख्या वाटीभर खिरीत टाकली आणि त्याने अर्धी वाटी ठेवली, तर डोस किती गेला हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय आवडीच्या खिरीला कडू चव आली की ती खीर कायमची सुटते. मूल वर्षाच्या आतलं असेल तर मध नको. आणि पाकिटावर सीआर, ईआर किंवा क्रोनो असं असेल तर ती गोळी कुटायची नाही. ती सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते.

उलटी झाली तर? गोळी लगेच, जशीच्या तशी बाहेर पडलेली दिसली तर सहसा पुन्हा देतात. तासाभराने झाली तर सहसा देत नाहीत. मधल्या वेळेसाठी तुमच्या औषधाचा नियम आजच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. रात्री अकराला फोन लागत नाही.

कीटो डाएटने फिट थांबतात म्हणे. घरी करता येईल?

घरी, युट्यूब बघून, नाही. पण उपचार खरा आहे आणि जुना आहे. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी किटोजेनिक आहार सुचवला. जिमवाल्यांच्या हाती तो फार नंतर लागला. तत्त्व असं, की शरीराला पिष्ट (कार्बोहायड्रेट) आणि साखर जवळजवळ मिळू द्यायची नाही, म्हणजे ते चरबी जाळतं, आणि त्यातून तयार होणारे कीटोन मेंदू इंधन म्हणून वापरतो. दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नाहीत अशा मुलांसाठी हा पर्याय असतो. अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या फिट अर्ध्याहून कमी होतात आणि काहींच्या पूर्ण थांबतात. ग्लट-१ ची कमतरता नावाच्या आजारात, म्हणजे रक्तातली साखर मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाही त्यात, तर हाच पहिला उपचार.

मूळ प्रकारात ४ भाग चरबीला १ भाग प्रथिनं आणि पिष्ट मिळून, असं प्रत्येक जेवण ग्रॅमवर तोलायचं. आपल्याकडे त्यापेक्षा सुधारित ॲटकिन्स आहार जास्त झेपतो. त्यात प्रथिनांवर बंधन नसतं, पिष्ट मात्र दिवसाला १० ते २० ग्रॅम. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर याची रीतसर चाचणी झाली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आहार घेणाऱ्या गटातल्या निम्म्याहून किंचित जास्त मुलांच्या फिट अर्ध्यावर किंवा त्याखाली आल्या. नुसत्या औषधांवरच्या गटात हे प्रमाण दहांत जेमतेम एक होतं.

दिवसाला १० ते २० ग्रॅम म्हणजे किती? एका मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम पिष्ट असतं. एका केळ्यात त्याहून जास्त. म्हणजे एक पोळी खाल्ली की दिवसाचा कोटा संपला. मग ताटात येतात अंडी, पनीर, तुपात परतलेली पालेभाजी, खोबरं, मोजून दाणे, जवस आणि खोबऱ्याच्या पिठाच्या छोट्या भाकऱ्या. साबुदाणा उपवासाचा म्हणून चालेल असं खूप जणांना वाटतं. तो जवळपास शुद्ध पिष्ट आहे. खोकल्याच्या सिरपमध्ये साखर असते, फिटच्या गोड सिरपमध्येही असते, म्हणून औषध गोळीच्या रूपात घ्यावं लागतं. दुसऱ्या कारणाने रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर "याला कीटो चालू आहे, ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी आमच्या डॉक्टरांशी बोला" हे दारातच सांगायचं.

सुरू करण्याआधी रक्त-लघवीच्या तपासण्या अत्यावश्यक आहेत, कारण चरबी पचवण्याचे काही जन्मजात दोष असलेल्या मुलांना हा आहार जिवावर बेतू शकतो. बद्धकोष्ठ, उलट्या, मूतखडा, कोलेस्टेरॉल वाढणं, उंची मंदावणं हे त्रास होतात, त्यांवर नजर ठेवावी लागते. निदान तीन महिने करून पाहायचा. उपयोग झाला तर सहसा दोन वर्षं.

माझं स्पष्ट मत सांगते. हा आहार आईने एकटीने पेलायचा ठरला तर तो मोडतो. आजोबांनी "बिचाऱ्याला एक जिलबी" दिली की सगळं घर पुन्हा शून्यावर. म्हणून सुरू करण्याआधी पहिल्या बैठकीला घरातल्या सगळ्या मोठ्यांना घेऊन या.

मुलाला सेरेब्रल पाल्सीही (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) आहे. एक जेवण तासभर चालतं.

अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, दर घोटाला ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज घशात पाणी असल्यासारखा येत असेल, छातीत वारंवार कफ होत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. क्लोबाझाम, क्लोनाझेपामने सुस्ती आणि लाळ वाढते, त्याने गिळणं आणखी अवघड होतं. डोसनंतर मूल पेंगत असताना भरवू नका.

आपल्याकडे मांडीवर आडवं घेऊन, डोकं मागे टाकून पळीने भरवायची पद्धत आहे. तीच सगळ्यात धोक्याची. मूल टेकून बसलेलं, पाठ सरळ, हनुवटी किंचित छातीकडे, आणि भरवणाऱ्याचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवेत, म्हणजे ते वर बघणार नाही. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज, मऊ खिमट, दाट सूप गिळायला सोपं. स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणी करतात. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र, असेल तर तिथे चौकशी करा. वजन तरीही वाढत नसेल आणि डॉक्टरांनी पोटावरून जठरात नळी घालायचं सुचवलं, तर तो पराभव मानू नका. फिनिटॉइन नळीतून देत असाल तर दुधाची वेळ आणि औषधाची वेळ यांत अंतर लागतं. अंतर किती, ते डॉक्टर सांगतील.

जेवताना फिट आली तर?

कुशीवर वळवा, तोंड खाली झुकलेलं, म्हणजे घास आपोआप बाहेर येईल. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे द्या आणि १०८ ला फोन करा. फिट थांबल्यावर श्वास घेत नसेल किंवा निळं राहिलं तरीही १०८. नंतर पूर्ण जागं होऊन, नाव विचारल्यावर उत्तर देईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका.

रडवलं तर फिट येईल म्हणून मागेल ते देतो. चुकतंय का?

ही भीती मला रोज भेटते. जेवणाच्या हट्टामागचं सगळ्यात मोठं कारण बहुधा हीच आहे. एका वेळच्या रडण्याने किंवा "नाही" ऐकण्याने सहसा अपस्माराची फिट येत नाही. काही लहान मुलं रडता रडता श्वास रोखतात, निळी पडतात, क्षणभर बेशुद्ध होतात. तो प्रकार वेगळा, अपस्मार नव्हे. त्यात बऱ्याचदा लोह कमी असतं, त्याची तपासणी करून घ्या.

निदानानंतर घर बदलतं. सात वर्षांच्या मुलीला पुन्हा आई भरवायला लागते, मोबाईलशिवाय घास जात नाही, भावाला मात्र "तू मोठा, तू आपलं आपण खा". मुलाला लवकरच कळतं की जेवण नाकारलं की चार माणसं भोवती जमतात. काय, कुठे, कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, आणि किती खायचं ते त्याला ठरवू द्या. व्हॅल्प्रोएट किंवा स्टिरॉइडवरच्या मुलांना यात पदार्थांच्या निवडीची मदत लागते, पण तत्त्व तेच. एक आवडीचा पदार्थ, एक नवा, जबरदस्ती नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट शांतपणे उचला. पहिले काही दिवस घरात रडारड होईल, मुलाची आणि आज्जीचीही.

नेमकं कुठे अडतंय हे समजायला आम्ही कधी कधी प्रश्नावली भरून घेतो. २००१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ३५ प्रश्नांची एक तयार केली, ती जगभर वापरतात. हळू खाणं, लवकर पोट भरणं, दुःखात जास्त किंवा कमी खाणं, सारखं काहीतरी प्यायला मागणं, नवं नाकारणं, असे वेगवेगळे धागे त्यात सुटे होतात. "खात नाही" या एका तक्रारीत यातलं काय आहे, ते कळलं की अर्धं काम होतं. मुलाला स्वमग्नताही असेल तर पदार्थाचा रंग, पोत, आवाज यांवरून नकार येतो. तिथे घाई नको, व्यवसायोपचार तज्ज्ञांची मदत घ्या.

हिरड्या सुजल्यात, चावता येत नाही.

फिनिटॉइनने हिरड्या वाढतात. दोन वेळा मऊ ब्रश, दंतवैद्याला दर सहा महिन्यांनी दाखवणं, आणि औषध बदलण्याबद्दल चर्चा. फिनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं ठिसूळ होतात. त्याची तपासणी सांगितली तर टाळू नका. नाचणी, दूध, तीळ आणि सकाळचं ऊन चांगलंच आहे, पण कमतरता असेल तर औषध लागतंच.

ब्राह्मी, शंखपुष्पी, बाळगुटी?

देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, बाटली सोबत आणा. काही औषधी वनस्पतींनी रक्तातलं फिटच्या औषधाचं प्रमाण बदलू शकतं. फिटवर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या देऊ नका. त्यात शिसं किंवा चक्क फिनोबार्बिटोन मिसळलेलं असू शकतं.

शाळेत डब्याचं आणि वाढदिवसाच्या केकचं काय सांगू?

केक चालतो, सामोसा चालतो, पोषण आहाराची खिचडीही चालते. फक्त कीटो किंवा ॲटकिन्स सुरू असेल तर वर्गशिक्षिकांना लेखी द्या आणि डब्यात त्याच्यासाठी चालणारा एक खास खाऊ ठेवा, म्हणजे केक वाटला जाताना तो रिकाम्या हाताने बसणार नाही. बाकी मुलांसाठी बाईंना दोनच गोष्टी सांगा. डबा अर्धा परत आला तर वहीत लिहा. आणि फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, आम्हाला फोन करा.